वांडाचं नाव

केक बघताक्षणी चेस्टर म्हणाला, "हे तुला कुणी लिहायला सांगितलं?"

बर्नाडेटने खोक्याचं झाकण पूर्ण उघडलं. "बेकरीतल्या मुलीला मीच सांगितलं. का? स्पेलिंग चुकलंय?"

"स्पेलिंग बरोबर आहे. मुलगी चुकली आहे."

पांढऱ्याशुभ्र क्रीमवर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'वांडा, घरी तुझं स्वागत.'

वडिलांच्या अंत्यविधीनंतर कुलासांची बोलिंगची जागा रविवारी पहिल्यांदाच बंद होती. दारावर तशी पाटी लावून चेस्टर सकाळपासून आठही लेन पुसत होता. छप्पन्न वर्षांचा झाला तरी त्याने लग्न केलं नव्हतं. त्याचा संसार या लाकडी लेन आणि पिनांशीच होता, असं बर्नाडेट चारचौघांत म्हणायची. आज मात्र तिला त्याची थट्टा सुचत नव्हती.

"तिला नाव आहे, बर्नी. सहा वर्षांची आहे ती. सहा वर्षांच्या कुत्र्याचंसुद्धा कुणी नाव बदलत नाही."

"बरं, काय आहे तिचं नाव? सांग ना, सांग."

चेस्टरने फडकं पिळलं. "रो... रोमेन."

"ती सॅलडमध्ये घालायची भाजी आहे."

"मग तू सांग."

बर्नाडेटलाही ते धड येत नव्हतं. तिने विषय वळवला. "हे बघ, लेनीने आईला शब्द दिलाय. कमरेच्या ऑपरेशनच्या दिवशी. मी तिथेच होते. आईने त्याचा हात धरला आणि म्हणाली, बल्गेरियातून दत्तक मुलगी मिळाली तर तिला वांडा म्हणशील ना? आणि हा हो म्हणाला."

"आणि नोरीन? तिला माहीत आहे?"

"बायकोला सांगितलंच असेल त्याने."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेनी त्यांचा धाकटा भाऊ. त्रेचाळीस वर्षांत त्याने एकही अवघड गोष्ट वेळेवर सांगितली नव्हती. तो पोस्टमन होता. लोकांची पत्रं तेवढी वेळेवर पोचवायचा.

"अरे देवा," बर्नाडेट म्हणाली.

वांडा चेस्टरच्या पाठची. एकोणीसशे बावन्नच्या ऑगस्टमध्ये पोलिओने गेली, आठ वर्षांची असताना. बर्नाडेट तेव्हा चार वर्षांची होती. मागच्या अंगणात गादी आणि खेळणी जाळली त्याचा धूर तेवढा तिला आठवत होता. लेनीचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. चेस्टरला मात्र सगळं आठवत असणार, पण तो त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसे. पुढे बर्नाडेटला एकामागून एक तीन मुलगे झाले. प्रत्येक वेळी आई दवाखान्यात यायची, बाळाचं दुपटं बाजूला करून बघायची, "छान आहे" म्हणायची आणि दुपटं पुन्हा नीट करून ठेवायची. ते "छान आहे" बर्नाडेटच्या मनात इतकी वर्षं सलत होतं. म्हणून तर हा केक.

जिन्यावर काठीचा आवाज झाला. त्यांची आई लिओकाडिया वरच्या मजल्यावरच राहायची. एकोणऐंशी वर्षांची ती म्हातारी एकेक पायरी मोजत खाली आली. अंगात निळा ड्रेस होता. तो फक्त लग्नांना निघायचा.

ती काउंटरपाशी आली, चष्मा सारखा केला आणि अक्षरं वाचली. मग खोक्याच्या कडेवरून एक बोट फिरवलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली आणि चार नंबरच्या लेनजवळच्या टेबलाशी जाऊन बसली.

चेस्टरने तिच्या निळ्या ड्रेसकडे पाहिलं. मग बर्नाडेटच्या कानाशी येऊन म्हणाला, "ठीक आहे. वांडा तर वांडा."

आपण जिंकलो हे बर्नाडेटला कळलं, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

*

मुलगी घरी आल्यापासूनचे तीन दिवस नोरीनने एकाही नातेवाइकाला दारात उभं केलं नव्हतं. आधी मुलीला घराची सवय होऊ द्या, मग माणसांची, असं संस्थेच्या बाईंनी बजावलं होतं. बर्नाडेट त्याला 'जेलची वेळ' म्हणत होती आणि रोज तीनदा फोन करत होती. आज रविवारी दुपारी नोरीनने पहिल्यांदा मुलीला लाल टोपी घालून बाहेर काढलं.

मुलीने तिच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली होती. हात धरायचा नाही, बाही धरायची, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. बुटांचं मात्र तिला फार कौतुक. रात्री झोपतानाही ती ते काढत नसे.

लेनीच्या मागोमाग दोघी बोलिंगच्या जागेत शिरल्या. बर्नाडेटचे तिघे मोठे झालेले मुलगे भिंतीला टेकून शाळेतल्यासारखे रांगेत उभे होते. मुलीने कुणाकडेच बघितलं नाही. तिने बघितलं ते जमिनीतून घरंगळत वर येणाऱ्या बॉलकडे. एक निळा बॉल आला, मग एक काळा. तिने बाही सोडली आणि त्या यंत्रापुढे जाऊन उकिडवी बसली.

बर्नाडेट तिच्या शेजारी हळूच गुडघ्यांवर बसली. मुलीने तिच्याकडे वळून बघितलं आणि बॉल जिथून येतो त्या भोकाकडे बोट दाखवलं. आत कोण बसलंय, असा तिचा चेहरा होता. बर्नाडेटने खांदे उडवले. मुलीनेही तसेच खांदे उडवले. बर्नाडेटला एकदम केक आठवला. ती उठली आणि तरातरा जाऊन केकच्या पुढे उभी राहिली.

"बर्नी, बाजूला हो," नोरीन म्हणाली.

"का? मी इथेच बरी आहे."

"मला केक बघायचाय."

"केक काय, केकसारखा केक आहे."

नोरीनने तिला खांद्याला धरून सरकवलं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. "लेनी," ती शांतपणे म्हणाली, "जरा बुटांच्या मागे चल."

"थांब, मी खरवडते!" बर्नाडेट सुरी शोधू लागली. "दोन मिनिटं दे मला. क्रीम सपाट करते, कळणारसुद्धा नाही."

"खरवडायचं नाही," चेस्टर दबक्या आवाजात म्हणाला. "आईने वाचलंय ते."

"सकाळी तर तूच मला बोललास!"

"सकाळी तिने निळा ड्रेस घातला नव्हता."

भाड्याने द्यायच्या बुटांची मांडणी छतापर्यंत होती. तिच्यामागे पॉलिशचा आणि जुन्या मोज्यांचा वास येत होता. लेनीने तोंड उघडलं, "नोरीन, एक छोटीशी गोष्ट राहिली सांगायची..."

"तुझ्या छोट्याशा गोष्टीची मला धडकी भरते."

त्याने सांगितलं. ऑपरेशन, आईचा हात, शब्द. "त्या वेळी तिने चंद्र मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं."

"ते कळतं मला. पण मला का नाही सांगितलंस? परवा मंगळवारी कोर्टात नाव द्यायचंय. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे, पेनने भरलेला. नऊ वर्षं आपण वाट बघितली लेनी, सगळ्या जगाचे कागद गोळा केले, आणि हे तू मला बुटांच्या मागे सांगतोस?"

"मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

नोरीनने डोळे मिटले. ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती नुसती दमल्यासारखी दिसत होती. "तिथून निघताना काय झालं आठवतं ना? तिच्या अंगावरचे कपडे त्यांनी काढून घेतले. दुसऱ्या मुलांना लागतात म्हणून. चूक नव्हतं त्यांचं. आपण नेलेल्या कपड्यांत ती बाहेर पडली. मोजे आपले, टोपी आपली, बूट आपले. तिचं स्वतःचं असं एवढं एक नावच तिने बरोबर आणलंय. ते मी कसं काढून घेऊ?"

लेनीने समोरच्या मांडणीतला लहान मुलांचा एक बूट उचलला आणि परत ठेवला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "वांडा गेल्यावर चार वर्षांनी मी झालो. सगळ्यांना मुलगी हवी होती. मला कुणी कधी बोललं नाही, खरंच नाही. पण आई माझ्याकडे बघता बघता माझ्या मागे कुणाला तरी बघायची. मला ते लहानपणीच कळलं होतं."

नोरीनने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. "मग तूच सांग आईंना. आज. केक कापायच्या आधी."

"आत्ताच सांगतो."

तो वळला आणि तेवढ्यात पलीकडून एकच गलका उठला. टाळ्या, शिट्ट्या, आणि सगळ्यांच्या वर बर्नाडेटचा आवाज, "वांडा! स्वतःच्या तोंडाने म्हणाली!"

*

लिओकाडियाने अजून मुलीला हात लावला नव्हता. तिला घाई नव्हती. सत्तेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी अर्धा तास काय जड?

मुलगी बॉलच्या यंत्राला कंटाळली आणि जेवणाच्या टेबलाकडे आली. बर्नाडेटने लगेच धूर दिलेल्या सॉसेजचे काप तिच्या पुढे केले. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. चौथा तिने खिशात ठेवला. चेस्टरने सॉसेज नेहमीसारखंच खारट आणलं होतं. थोड्या वेळाने मुलीने ओठांवरून जीभ फिरवली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "वोडा."

"काय म्हणाली?" बर्नाडेटने हातातली बशी खाली ठेवली. "चेस्टर! काय म्हणाली ती?"

"वांडा म्हणाली की काय?"

"वांडाच म्हणाली! मी ऐकलं ना!"

मुलगी दचकून एक पाऊल मागे सरली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "वोडा!" तिघे मुलगे टाळ्या वाजवू लागले. एकाने शिट्टी मारली. चेस्टर खिशातला रुमाल शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता. मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढ्या माणसांना एक साधी गोष्ट कळत कशी नाही, हे तिला समजेना. रडायच्या बेतात येऊन ती ओरडली, "वोडा! वोडा!" आणि तिला आणखीनच टाळ्या मिळाल्या.

लिओकाडियाला मात्र पहिल्याच खेपेला नीट ऐकू गेलं होतं.

तिने मुलांचे चेहरे बघितले. चेस्टर रडत होता. बापाच्या वेळीसुद्धा तो रडला नव्हता. बर्नाडेट अशी फुलली होती की दहा वर्षांनी लहान दिसत होती. कुणालाच काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. आपण नुसतं गप्प बसलो की झालं. केकवर नाव आहे, शब्द दिलेला आहे, आणि आता पोरीने स्वतः म्हटलंय असं सगळे जन्मभर सांगतील. गप्प बसायला काहीच कष्ट नव्हते.

मुलीच्या ओठांच्या कडेला मिठाचा कण चिकटला होता.

लिओकाडियाने काठी टेबलावर आपटली. बशा खणखणल्या. "पुरे! मूर्खांनो, तिला पाणी हवंय!"

सगळे जागच्या जागी थांबले.

"आई, अगं ती वांडा..."

"वांडा नाही, वोडा. वोडा म्हणजे पाणी. माझ्या आईच्या घरात पाण्याला दुसरं काही म्हणतच नव्हते. तोंडाकडे काय बघताय? आण जा!"

चेस्टर धावला. घाईत त्याने बिअरचा मोठा मग भरून आणला. मुलीने तो दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा अर्धा रिकामा केला. श्वास घेतला. उरलेला संपवला. मग मगाच्या काठावरून तिने लिओकाडियाकडे बघितलं. ती बघत होती ते मघासारखं नव्हतं. या खोलीत ऐकू येणारं एक माणूस आहे, याचा तिला पत्ता लागला होता.

लिओकाडियाने पावाचा तुकडा उचलून दाखवला. "ख्लेब."

"ह्ल्याब," मुलगी म्हणाली.

"बरं, तुमच्याकडे तसं म्हणत असतील. म्लेको?"

"म्ल्याको!" दूधही जुळलं.

"डोम?"

"डोम!" घर. पोलिश आणि बल्गेरियन या बहिणी-बहिणीच भाषा; हा शब्द तर दोघींचा अगदी एकच निघाला.

नवरा गेल्यापासून लिओकाडियाने पोलिश शब्द तोंडातून काढला नव्हता. बोलणार कुणाशी? मुलांना तिने शिकवलं नव्हतं. त्या वेळी शाळेत पोलिश बोललं की शिक्षा व्हायची. शब्द कुठे गेले असतील असं तिला वाटायचं, आणि आता ते स्वतःहून पुढे येत होते. तिने आपल्या छातीवर बोट ठेवलं. "इम्ये... लिओकाडिया." मग ते बोट मुलीकडे वळवलं. "इम्ये?"

मुलीने सरळ उभं राहून, जणू कुणी हजेरी घेतंय अशा सुरात सांगितलं, "रुम्याना."

लेनी आणि नोरीन बुटांच्या मांडणीशी येऊन उभे होते. लेनी पुढे व्हायला लागला तसा नोरीनने त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

लिओकाडिया हसायला लागली. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग खोकला येईपर्यंत. "रुम्याना," ती म्हणाली, अगदी त्या मुलीसारखं, कुठेही न अडखळता. "अरे, तुम्हा लोकांना हे नाव येत नव्हतं? तीन दिवस तुम्ही जीभ वाकडी करताय ती या नावासाठी?"

"म्हणजे काय गं त्याचं?" बर्नाडेटने विचारलं.

"माझी आई पाव भट्टीतून काढायची ना, तो खालून ठोकून बघायची. वर खरपूस लाली आली असली की म्हणायची, रुम्याना. आणि आम्ही बर्फातून घरात आलो, गाल लाल झालेले असले, की तेव्हाही तेच." ती क्षणभर थांबली. "वांडाला तर रोज म्हणायची. रोज. ती पोर टोपी घालत नसे."

बावन्न सालापासून आई वांडाबद्दल अशा साध्या वाक्यात कधी बोलली नव्हती. नेहमी डोळे मिटून, मेणबत्ती लावून. चेस्टरने शेवटी बाहीने नाक पुसलं.

"टोपी ती माझ्या डोक्यावर घालायची," तो म्हणाला. "एकावर एक, दोन टोप्या घालून शाळेत जायचो मी. सगळे हसायचे. आणि मी लहान म्हणून मला या लेनवर मुद्दाम जिंकू द्यायची."

"लहान? तू तर तिच्यापेक्षा मोठा होतास," बर्नाडेट म्हणाली.

"ते तिला कोण सांगणार?"

बर्नाडेट हसली आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की आपल्या बहिणीबद्दलची पहिलीच खरी गोष्ट आज आपण ऐकली. एक्कावन्नाव्या वर्षी. तिने खुर्ची ओढली. "आणखी सांग."

"सांगेन. आधी हा इकडे येऊ दे." लिओकाडियाने काठीने लेनीकडे खूण केली. "ये. मघापासून तुझ्या तोंडावर काहीतरी आहे. बोलून टाक."

"आई, मी तुला शब्द दिला होता..."

"मी अर्धी भुलीत होते. तू तर चांगला शुद्धीवर होतास ना? नाही म्हणायला काय झालं होतं?"

"ऑपरेशनला नेत होते तुला! नाही म्हणू?"

"हो म्हणून मग पाच महिने लपून बसण्यापेक्षा ते बरं होतं." पण तिने त्याचा हात हातात घेतला होता, आणि ती त्याच्याकडेच बघत होती, त्याच्या मागे नाही.

नोरीन टेबलापाशी आली. "आई, मधलं नाव वांडा ठेवू. मला मनापासून चालेल. अर्जात मधल्या नावाची जागा मोकळीच आहे."

लिओकाडियाने मान हलवली. "नको बाई. एवढ्याशा जिवाने दोन मुलींचं आयुष्य कशाला जगायचं? वांडा एकच होती. ती माझी होती. हिला हिचं राहू दे."

"मग या केकचं काय करू?" बर्नाडेटने रडवेल्या आवाजात विचारलं.

"काय करू म्हणजे? वांडाच्या नावाचा केक सत्तेचाळीस वर्षांत या घरात झाला नाही. काप. आणि गुलाबी अक्षरं या दोघांना द्या, चेस्टरला आणि रुम्यानाला. तिने त्याचं खारट सॉसेज सोसलंय."

रुम्यानाला आपलं नाव तेवढं कळलं. म्हाताऱ्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर ती चढून बसली आणि खिशातला सॉसेजचा काप काढून तिने तो टेबलावर, दोघींच्या मधोमध, ठेवला.

*

मंगळवारी कोर्टात सगळेच आले. फक्त आईवडील आणि मूल पुरे, असं कारकुनाने फोनवर सांगितलं होतं. बर्नाडेट म्हणाली, ते ठीक आहे, आणि तिन्ही मुलांना रजा काढायला लावली.

लेनीला आदल्या दिवसापासून धडधडत होतं. आता अडचण काही उरली नव्हती, पण त्याला सवय होती. नोरीनच्या पलीकडे रुम्याना बसली होती. आज बाहीऐवजी तिने नोरीनची करंगळी धरली होती. नोरीन ती मुळीच हलवत नव्हती. पानं उलटायची तर ती डाव्या हाताने उलटत होती.

न्यायाधीश साठीचे, गोल चेहऱ्याचे होते. त्यांनी कागद चाळले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तर या बालिकेचं नाव यापुढे... रोमा... रोमाना कुलास असं..."

"रुम्याना," मागच्या बाकावरून आवाज आला.

शिपायाने वळून बघितलं. "बाई, खाली बसा."

"मी बसते. आधी त्यांना नीट म्हणू दे."

बर्नाडेटने आईचा कोट ओढला. चेस्टरने ती ओढते आहे हे बघून तिचा हात बाजूला केला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आपण कोण?"

लेनी उठून उत्तर देणार, एवढ्यात रुम्याना नोरीनची करंगळी न सोडता खुर्चीवर गुडघ्यांनी उभी राहिली, मागे वळली आणि तिने लिओकाडियाला जोरात हाक मारली, "बाबो!"

"काय म्हणाली ती?"

"आजी म्हणाली," लेनी म्हणाला. हे सांगायला त्याला क्षणाचाही वेळ लागला नाही. "तिच्या भाषेत आजीला तशी हाक मारतात."

"मग आजींना पुढे येऊ द्या," न्यायाधीश म्हणाले. "इथे नेमकं काय लिहायचंय ते मला नीट सांगणारं कुणीतरी हवंच आहे."

लिओकाडिया काठी टेकत पुढे आली. बाकांच्या मधून यायला तिला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. ती रुम्यानाच्या शेजारी बसली, तिने तिचा घसरलेला मोजा वर ओढला आणि न्यायाधीशांकडे मान वर केली.

"लिहा," ती म्हणाली. "आर. यू. एम. आय."

"आय नाही, वाय," नोरीन तिच्या कानात म्हणाली. "तिच्या कागदांवर वाय आहे, आई."

लिओकाडियाने नातीकडे बघितलं. स्वतःच्या आईच्या घरी ते आयनेच लिहीत असत आणि तेच बरोबर होतं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

"वाय," तिने न्यायाधीशांना सांगितलं. "खोडा ते. माझंच चुकलं."

न्यायाधीशांनी खोडलं आणि पुढच्या अक्षराची वाट बघत पेन तसंच धरून ठेवलं.